गोल्डफिशच्या टँकमधलं पाणी नितळ कसं ठेवाल?

जळगाव-धुळ्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून टँकचं पाणी बदलायचा दिवस नळाच्या दिवसाशी जोडून टाका. आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाचं काम आहे. इथे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक आणि त्यात दोन लहान गोल्डफिश धरले आहेत. त्यात साधारण ५० लिटर पाणी मावतं. काचेच्या गोल भांड्यात मात्र गोल्डफिश ठेवू नका. एवढ्याशा पाण्यात घाण पटकन साठते.

जवळ ठेवा: साबण कधीच न लागलेल्या दोन बादल्या, सायफनची नळी, नवा स्पंज, मग, छोटी जाळी, अँटी-क्लोरीनची बाटली.

पाणी येईल त्या दिवशी

१. एक बादली भरून घ्या. सुरुवातीची गढूळ धार सोडून द्या.

२. बादली घरात, सावलीत ठेवा. गच्चीवर ठेवलीत तर पाणी तापेल.

३. तोंडावर पातळ फडकं बांधा. घट्ट झाकण नको, क्लोरीन उडून जायला हवा. पण अगदी उघडीही नको, डास अंडी घालतात.

४. २४ तास थांबा. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तरी तुरटी फिरवू नका. गाळ खाली बसू द्या आणि वरचंच पाणी वापरा.

दुसऱ्या दिवशी

५. बादलीतल्या पाण्याचा वास घ्या. क्लोरीनचा वास अजून येत असेल, तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच अँटी-क्लोरीन घाला.

६. फिल्टरचा आणि दिव्याचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून पाण्यात हात घालू नका.

७. काच आतून स्पंजाने पुसा. खडीपाशी जपून, स्पंजात खडा अडकला की काचेवर ओरखडा उठतो.

८. नळी टँकमध्ये पूर्ण बुडवून पाण्याने भरा. तोंडाने ओढू नका, घाण पाणी पोटात जातं.

९. एका टोकावर बोट दाबून ते टोक रिकाम्या बादलीत सोडा. बादली टँकपेक्षा खाली हवी, नाहीतर पाणी येणार नाही.

१०. आतलं टोक खडीत जागोजागी खुपसा. खरी घाण खडीखाली असते.

११. साधारण १२ लिटर, म्हणजे पाव टँक पाणी निघालं की थांबा. सगळं पाणी कधीही उपसू नका. मासे दगावू शकतात.

१२. फिल्टरचा स्पंज या काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या. नळाखाली धरलात तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाणी पुन्हा गढूळ होतं.

१३. स्पंज जागेवर बसवा.

१४. एक हात टँकमध्ये, दुसरा नव्या पाण्यात घालून बघा. दोन्ही सारखंच गार लागायला हवं.

१५. नवं पाणी मगाने, काचेच्या कडेने हळूहळू ओता. वरून धबाधबा ओतलंत तर खडीतला गाळ उसळेल.

१६. प्लग लावा. फिल्टर सुरू झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय उठू नका.

१७. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. झाडांना ते खतच आहे.

रोज

१८. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका. मासे पुन्हा वर येतील, मागतील; तरी देऊ नका.

१९. उरलेला दाणा जाळीने काढा.

२०. दिवा ८ तासांनी बंद करा.

पाणी बिघडलंच तर

- पांढरट झालं: एक दिवस खाणं बंद ठेवा, फिल्टर चालूच ठेवा. नव्या टँकमध्ये असं होतंच, थोड्या दिवसांत निवळतं. घाबरून सगळं पाणी बदलू नका.
- हिरवं झालं: टँकवर ऊन येतंय. जागा बदला किंवा खिडकीला पडदा लावा.
- वास येतोय: खडीत अन्न कुजतंय. पायरी ८ ते ११ लगेच करा.

एप्रिल-मे महिन्यात

आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. टँक घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा. हलवण्याआधी निम्म्याहून जास्त पाणी बादल्यांत काढून ठेवा, भरलेला टँक उचलला तर काच तडकते. खाणं निम्मं करा. वीज गेली की बॅटरीवरचा एअर पंप लावा. तो नसेल तर टँकमधलंच पाणी मगाने उचलून थोडं वरून पुन्हा आत सोडा. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून श्वास घेताना दिसले, तर हे लगेच करा.

शेवटची तपासणी: टँकच्या एका टोकाला वर्तमानपत्र लावा आणि दुसऱ्या टोकाने, दोन फूट पाण्यातून, मथळा वाचा. स्पष्ट वाचता आला? छान! पुढचा बदल आता पुढच्या आठवड्यात.