इंजिन बंद कां पडतें ?

ओहोळांचें पाणी आटूं लागलें म्हणजे सायवनच्या आसपासच्या मळ्यांवर डिझेल इंजिनाचा ठोका कानीं येतो. तो ठोका थांबला, कीं पाणी थांबतें.

गेल्या चैत्रांत आमच्या शेजाऱ्यांच्या इंजिनानें असाच हट्ट धरला. पाव तास नीट चालावें, मग धापा टाकून बंद पडावें; थोडा वेळ थांबून हँडल मारलें, कीं पुन्हां चालावें. मिरचीचीं रोपें माना टाकूं लागलीं होतीं. मला यंत्रांतलें थोडेंफार कळतें, अशी माझी समजूत ! मी पाना घेऊन गेलों आणि आधीं नोझलच उघडलें. नोझल अगदीं निर्दोष होतें. उघडल्यामुळें मात्र नळींत हवा शिरली आणि पाव तास चालणारें इंजिन मुळींच चालेना.

ह्या इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या आंतील हवा दाबून सुमारें सतराव्या हिश्शाइतकी करतो. त्यामुळें ती पांचशे अंशांहून अधिक तापते. त्याच क्षणीं पंप नोझलच्या सूक्ष्म छिद्रांतून डिझेलचा फवारा सोडतो. त्यासाठीं वातावरणाच्या सुमारें दोनशेंपट दाब लागतो. डिझेल द्रव असल्यामुळें फारसें दबत नाहीं, म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत पोंचतो. हवा मात्र दबते. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून दांडा ढकलून पाहा ! तसाच पंपाचा सारा जोर हवा दाबण्यांत खर्च होतो आणि नोझल उघडतच नाहीं. गंमत अशी, कीं रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ सालच्या इंजिनांत इंधन आंत ढकलण्याचें काम दाबलेली हवाच करीत असे. पुढें १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतून इंधन-पंप मोठ्या प्रमाणावर निघूं लागले.

विमानाच्या प्रतिकृतीला बसविलेल्या चिमुकल्या इंजिनाची नळी बहुधा पारदर्शक असते; तींतले बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मळ्यावरच्या इंजिनाची नळी धातूची. तेथें हवा काढूनच खात्री करावी लागते.

आम्ही टाकी भरून तोटी उघडली आणि फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल केला. प्रथम फेंस आला, मग अखंड धार; तेव्हां तो आवळला. पंपापाशींही तसेंच केलें. शेवटीं नोझलकडील नट सैल करून हँडल फिरविलें. डिझेल उसळून येतांच नट आवळला. आतां हँडल फिरवितांना नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला. फवारा सुटत असल्याची ती खूण. मुलांनो, चालत्या इंजिनाच्या नळीचा नट सैल करूं नका व नोझलच्या फवाऱ्यापुढें हात कधींही धरूं नका. ती धार कातडीखालीं शिरते. जखम टांचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाहीं. तरी त्याच घटकेस रुग्णालय गांठावें, नाहीं तर बोट गमावण्याची वेळ येते.

इंजिन चालू झालें. पण पाव तासानें पुन्हां बंद! तेव्हां शेजाऱ्यांचा आठवींतला मुलगा डिझेल किती उरलें तें पाहण्यास टाकीवर चढला. झांकण फिरवितांच ‘फुस्स’ झालें. बाहेरची हवा आंत ओढली जात होती ! झांकणावर प्लॅस्टिकची पिशवी सुतळीनें घट्ट बांधलेली होती. धूळ जाऊं नये म्हणून त्याच्या आजोबांनींच ती बांधली होती. झांकणाला बारीक छिद्र असतें, तें त्याखालीं बुजलें होतें. किराणा दुकानदार तेलाच्या डब्याला दोन भोंकें पाडतो, तें उगाच नव्हे. एकांतून तेल बाहेर येतें, दुसऱ्यांतून हवा आंत जाते. टाकींतलें डिझेल खर्च होई, त्याच्या जागीं हवा येत नसे, आंतला दाब उतरे आणि धार अडे. इंजिन थांबलें, कीं झांकणाच्या फटींतून हळूहळू हवा शिरे व तें पुन्हां चालण्याजोगें होई.

आधीं टाकीकडे पाहिलें असतें, तर पाना लागलाच नसता.

पिशवी काढली. इंजिन दिवस मावळेपर्यंत चाललें. आजोबांनीं दुसऱ्या दिवशीं त्या छिद्रावर बारीक तारेची जाळी बसविली. धुळीची काळजी त्यांनीं काहीं सोडली नाहीं.