पहाटेचं धावणं आणि कानातले बड

ब्रह्मपुरीकडच्या एका तरुण वाचकाने विचारलंय : ‘पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे रस्त्याने धावतो. उघड्या कानाचे इअरबड घेऊ की नॉइज कॅन्सलेशनवाले?’

पुण्या-मुंबईचा डॉक्टर या प्रश्नाचं जे उत्तर देईल, ते आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला जसंच्या तसं लागू पडणार नाही.

उघड्या कानाचे बड कानाची नळी मोकळी ठेवतात. नॉइज कॅन्सलेशनमध्ये बडवरचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडतो. दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. सलग, खर्जातल्या घरघरीवर ही युक्ती चांगली चालते. एसटीचं इंजिन किंवा मे महिन्यात दिवसभर चालणारा कूलर आठवा. कूलरसमोर बसून साध्या इअरफोनने व्हिडिओ पाहताना आपण नकळत आवाज चढवत नेतो. घरघर दबली की निम्म्या आवाजावर काम भागतं आणि तेवढा कान वाचतो. म्हणून घरात अभ्यासाला किंवा नागपूरच्या बसमध्ये हे बड मी आनंदाने सुचवतो.

जंगलात मात्र ऐकायचं असतं ते वेगळंच. वानराचं खाकरणं, चितळाची हाक, वाळल्या पानांची सळसळ, हे आवाज तुटक आणि चढ्या पट्टीचे असतात. ते अडवायला यंत्राचीही गरज नाही, बडचं रबरी टोकच ते अडवतं. म्हणजे नॉइज कॅन्सलेशन बंद केलं तरी कान बुजलेलाच राहतो. वाघ दबकत येतो आणि मोकळ्या कानालाही सहसा चाहूल लागू देत नाही. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात सोबतिणींनी दिलेली हाळी ऐकू येणं हेच मोठं संरक्षण असतं. तिथे कानात काहीच नको, उघड्या कानाचे बडसुद्धा नकोत.

रस्त्याचंही तेच. ऑगस्ट 2025 मध्ये आरमोरी-गडचिरोली मार्गावर काटलीजवळ सकाळी रस्त्याकडेला व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकने चिरडलं आणि चार मुलं गेली. शक्य असेल तर धावायला शाळेचं मैदान गाठा. रस्त्यावरच धावायचं असेल तर वाहनं समोरून येतील अशी बाजू धरा. गाण्याशिवाय पाय हलतच नसतील, तर उघड्या कानाचे घ्या आणि आवाज इतका ठेवा की शेजारी धावणाऱ्याचं बोलणं सहज कळावं. त्यावर आवाज चढवला की उघडा कानही बंद झाल्यासारखाच, कारण मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज बुडतो.

‘मग एकच बड लावतो’ असंही मुलं सांगतात. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो. एक कान गाण्यात अडकला की हॉर्न ऐकू येतो, पण नेमका कुठल्या बाजूला सरकायचं ते चटकन कळत नाही.

उघड्या कानाच्या बडांपैकी गालाच्या हाडावरून आवाज पोचवणाऱ्यांबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. पडदा वगळला म्हणजे कान सुरक्षित, असं दुकानदार सांगतात. हाडातून गेलेला आवाजही शेवटी आतल्या कानातल्या त्याच केसपेशींवर आदळतो, आणि त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. 90 डेसिबलला हीच मर्यादा फक्त 4 तासांवर येते. बड कुठल्याही जातीचा असो, हे गणित बदलत नाही. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर मर्यादा ओलांडली असं समजा.

कोळसा खाणीत किंवा सुरजागडच्या लोहखाणीत ड्रिल-डंपरवर काम करणाऱ्यांनी दोन्ही प्रकार घरीच ठेवावेत. तिथे सुरक्षेसाठी मिळणारे इअरप्लग किंवा इअरमफच वापरायचे. गाण्याचे बड त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि मागे येणाऱ्या डंपरचा इशारा हुकला तर जीवच जायचा.

आता पावसाळ्याचं. ऑगस्टमध्ये कान खाजतो म्हणून मुलं माझ्याकडे येतात. दुर्बिणीतून पाहावं तर नळीत भिजल्या वर्तमानपत्रासारखा पांढरट लगदा आणि त्यावर काळे ठिपके. ही बुरशी. घामाने ओल्या कानात रबरी टोक तासन्‌तास खोचून ठेवलं की तिला वाव मिळतो. टोकं रोज कोरडी पुसा, दुसऱ्याचे बड लावू नका, आणि खाज आली म्हणून कोमट तेल सोडू नका. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर कान बंद करणारे बड वर्ज्यच.

तेव्हा एकाच खरेदीचे पैसे असतील, तर आपल्या भागात उघड्या कानाचे घ्या. खरेदी करण्याआधी एकदा श्रवणचाचणी मात्र करून घ्या, कारण भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही पाहतात.