एका पिनचे दोन रीसेट आणि ई अँड टीसीची वाट

कॅप राउंड सुरू झाले की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: कॉम्प्युटर मिळत नाहीये, मग ई अँड टीसी घेऊ द्यावं का? त्यामागची काळजी खरी आहे. पण तिचं उत्तर शाखेच्या नावात सापडायचं नाही. या शाखेतला माणूस दिवसभर करतो काय, हे आधी समजून घ्या आणि त्यात मुलाचं मन रमेल का, ते पाहा.

एक खरी चिप घेऊ. ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीची एडी ७६१६. व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करणं हे तिचं काम. १६ चॅनेल, १६ बिट. वीजवाहिन्यांवरची देखरेख, प्रोटेक्शन रिले अशा ठिकाणी ती वापरतात. तिला रीसेटची पिन एकच आहे, पण रीसेट दोन आहेत. पिन ४० ते ५०० नॅनोसेकंद लो ठेवली तर अर्धा रीसेट: चालू मोजमाप टाकून दिलं जातं, तुम्ही भरलेल्या सेटिंग्ज मात्र जशाच्या तशा राहतात, आणि ५० नॅनोसेकंदांत चिप पुन्हा कामाला तयार. तीच पिन किमान १.२ मायक्रोसेकंद लो ठेवली तर पूर्ण रीसेट. सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि १५ मिलिसेकंद थांबावं लागतं.

१५ मिलिसेकंद म्हणजे किती? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचं एक चक्र २० मिलिसेकंदांचं. म्हणजे पाऊण चक्र ती रिले आंधळी. लाइनवर दोष आला तर एक-दोन चक्रांत निर्णय घ्यायची जबाबदारी जिच्यावर, तिला हे परवडत नाही. म्हणून कुठे अर्धा रीसेट पुरेल आणि कुठे पूर्णच द्यावा लागेल, हे फर्मवेअर लिहिणाऱ्या इंजिनिअरला ठरवावं लागतं. त्यात आणखी एक मेख आहे. डेटा सीरियल जाणार की पॅरलल, हे सांगणारी पिन चिप फक्त पूर्ण रीसेट संपताना वाचते. नंतर त्या पिनवरची लेव्हल कितीही बदला, चिप दखल घेत नाही.

आणि ८०० नॅनोसेकंदांचा पल्स दिला तर? मुलाखतीत विचारावा असा हा प्रश्न आहे. डेटाशीट या मधल्या पट्ट्याबद्दल कसलीही हमी देत नाही, म्हणून तिथे जायचंच नाही, हे बरोबर उत्तर. जो मुलगा अंदाज न ठोकता असं सांगतो, त्याला मी तरी लगेच कामावर घेईन.

‘चिप’ म्हटलं की सगळ्यांना फक्त चिप डिझाइन आठवतं. ते काम मोलाचं आहे, पण त्यासाठी बहुधा गेट देऊन एम.टेक.पर्यंत जायची तयारी हवी. चिप तपासणारे, ती बोर्डावर बसवणारे, ग्राहकाच्या अडचणी सोडवणारे आणि तिचं फर्मवेअर लिहिणारे इंजिनिअरही लागतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांना कमी लेखू नका. त्यांचा हात सोल्डरिंग आणि ऑसिलोस्कोपवर लवकर बसतो, आणि या कामात तो हातच उपयोगी पडतो.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या फलकाआधी लॅबमध्ये डोकवा. ऑसिलोस्कोप कपाटात कुलूपबंद आहेत की टेबलावर? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, शेवटची डेटाशीट कोणती वाचलीस?

प्रवेशाआधीच्या सुट्टीत मुलाला एक आर्डुइनो उनो आणून द्या. त्यातला कन्व्हर्टर १० बिटचा आहे: ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग, प्रत्येक भाग साधारण ४.९ मिलिव्होल्टचा. एक पोटेन्शिओमीटर जोडून येणारे आकडे त्याला बघू द्या. नॉब स्थिर असतानाही शेवटचा आकडा का हलतो, हे शोधायला तो रात्री जागला, तर ई अँड टीसीचा फॉर्म निर्धास्त भरा. दोन दिवसांत कंटाळला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. दुसरी शाखा निवडायला अजून वेळ आहे.