फी ठरते ती पत्त्यावरून

जून लागला की नवी मुंबईतल्या जुईनगर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिकच्या फायली छातीशी धरून उभी मुलं आणि त्यांचे आईबाप दिसतात. २०२२ साली मीही त्या रांगेत होते. मुलीला इंजिनीअरिंगला घालायचं होतं. फी म्हणजे कॉलेज सांगेल तो आकडा, अशी माझी समजूत. एकाच बाकावर बसणाऱ्या तीन मुलांना तीन वेगळ्या फिया पडू शकतात, हे त्या दोन महिन्यांत कळलं. ज्यांच्या घरी दहावी-बारावीचं मूल आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. ‘जन्म इथलाच आहे’ एवढ्याने भागत नाही.
मुलगी वाशीत जन्मली. पुढे यांची बदली बडोद्याला झाली, तिथेच तिची दहावी झाली, आणि अकरावीला आम्ही जुईनगरला परतलो. फॉर्म भरून देणारा म्हणाला, “जन्म वाशीचा ना? मग ए टाइप टाका.” टाकला. छाननीत अर्ज अडकला. ए टाइपच्या उमेदवारीला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, आणि त्यावर जन्म किंवा अधिवास. दुरुस्ती झाली नसती तर पोरगी परराज्यातली उमेदवार ठरली असती, म्हणजे राज्याच्या कोट्यातली जागाही गेली आणि शिष्यवृत्तीही.

वाचवलं ते बी टाइपने. त्याला उमेदवाराचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं अधिवास प्रमाणपत्र चालतं. यांनी पहिल्या नोकरीच्या वेळी काढलेलं ‘डोमिसाइल’ माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सापडलं. घडीवर फाटलेलं, गोल शिक्क्याची जांभळी शाई पसरलेली, पण नाव आणि सही स्वच्छ. मी ते तिथेच जमिनीवर बसून तीनदा वाचलं.

आणखीही टाइप आहेत. केंद्र सरकारी नोकरीत आईवडिलांची नेमणूक महाराष्ट्रात असेल तर सी (आमच्याकडच्या रेल्वे कॉलनीतल्या पालकांनी हे आवर्जून पाहावं), राज्य सरकारी नोकरांच्या मुलांना डी, आणि कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांना ई. बेळगाव-निपाणीकडचे नातेवाईक असतील त्यांना हे जरूर कळवा.

२. भाड्याने राहणाऱ्यांनी कागद जास्त जपायला हवेत.
अधिवासासाठी राज्यातलं पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. नवी मुंबईत करार अकरा महिन्यांचा. आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब सतरा वर्षांत सानपाडा, जुईनगर, नेरूळ अशा पाच घरांत राहिलं. मुलाची दहावी-बारावी इथलीच, पण बाळंतपण माहेरी झालेलं, म्हणजे जन्म कलबुर्गीचा. रीत म्हणून आई माहेरी गेली आणि त्याची किंमत सतरा वर्षांनी पुढे आली. दोन घरमालकांनी करार नोंदवलेच नव्हते. शेवटी वडिलांचं मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड, गॅसचं जुनं पुस्तक आणि मुलाची शाळेतली बोनाफाइडं जोडून सतरा वर्षांची साखळी जुळवली. ती बाई फायलीतला एकेक कागद मला दाखवत होती तेव्हा तिचे हात थरथरत होते. ज्यांनी या शहरात घाम गाळला, त्यांनाच ‘तुम्ही इथले कशावरून’ हे सिद्ध करत फिरावं लागतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

३. प्रवेश वडिलांच्या दाखल्यावर, शिष्यवृत्ती मुलाच्या.
इथे आम्ही पुन्हा अडलो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क निम्मं सरकार भरतं. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज करताना विद्यार्थ्याचं स्वतःचं अधिवास प्रमाणपत्र मागतात. लाभ घरातल्या दोनच मुलांना मिळतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला तो मिळत नाही, अभिमत विद्यापीठातही नाही. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं, त्यालाही याच अटी. म्हणून व्यवस्थापन कोट्याची पावती फाडण्याआधी चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. पावतीवर विकास शुल्क वेगळं लिहिलेलं असतं, ते आपल्यालाच भरावं लागतं.

४. नाव पटावर कसं आहे, यावरही फी अवलंबून.
शिष्यवृत्तीला हजेरी पाहतात. शिक्षणात दोन वर्षांचा खंड पडला तर ती बंद होते. दुसरं कॉलेज मिळालं तर आधीचा प्रवेश ठरलेल्या तारखेच्या आत, रीतसर अर्ज करून रद्द करा. तसं केलं तर हजार रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटल्यावर फक्त अनामत हाती येते.

५. इथला-बाहेरचा हा भेद आजचा नाही.
इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात तेव्हाच्या मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेत. दिल्लीचे डी. पी. जोशी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ साली न्यायालयाने बहुमताने सांगितलं की, घटनेला जन्मस्थानावरून केलेला भेद मंजूर नाही, पण राहण्याचं ठिकाण ही वेगळी गोष्ट आहे. पुढे १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं की, भारतीयाचा अधिवास एकच, तो भारताचा. तरीही आपल्या प्रमाणपत्रावर ‘अधिवास’ हाच शब्द छापून येतो. अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठांतही त्या राज्यातल्या मुलांना कमी फी असते आणि बाहेरच्यांना जास्त. राज्याच्या करातून चाललेल्या शिक्षणात राज्यातल्या मुलांना झुकतं माप मिळावं, हे मला पटतं. पण इथलं कोण, हे ठरवताना घर स्वतःचं असलेल्यांना सोपं आणि भाडेकरूंना अवघड जाऊ नये.

मुलाची दहावी झाली की त्याच सुट्टीत ‘आपले सरकार’ केंद्रावर अर्ज करा. जुईनगर ठाणे तालुक्यात येतं, त्यामुळे दाखला ठाणे तहसीलमधून मिळतो. उत्पन्नाचा दाखला पुन्हा पुन्हा काढावा लागतो. अधिवासाचा एकदाच. त्याला मुदत नसते.