शोकाकुल बालक आणि सत्त्वबल : वैद्यांचे व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

प्रास्ताविक

जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत आपला बुलढाणा जिल्हा होता. कर्ज, सिंचन, बियाणे, जोडधंदे यांचा विचार त्यात झाला. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घरातील मुलांच्या मनाचे काय, हा प्रश्न बहुतांशी मागेच राहिला. ही मुले मानसोपचारतज्ज्ञांकडे क्वचितच जातात. ती पोटदुखी, अतिसार, अरुची, निद्रानाश घेऊन आपल्याच चिकित्सालयात येतात किंवा त्यांच्यासाठी औषध मागणारे नातेवाईक आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे राहतात. म्हणूनच या विषयाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी अतिसार चिकित्सेत भयज व शोकज हे दोन मानस अतिसार स्वतंत्र सांगितले आहेत. भय व शोक यांनी वायू शीघ्र प्रकुपित होतो. म्हणून वातहर क्रियेसोबत हर्षण व आश्वासन करावे, असा तेथे निर्देश आहे. येथे आश्वासन हा चिकित्सेचाच भाग आहे, केवळ सौजन्य नव्हे, हे लक्षात घ्यावे.

विमानस्थानात सत्त्वाचे प्रवर, मध्यम व अवर असे भेद येतात. मध्यमसत्त्व व्यक्ती इतरांना दुःख सोसताना पाहून स्वतःस सावरते किंवा इतरांच्या आधाराने सावरली जाते. बहुसंख्य बालके या वर्गात मोडतात, असे माझे मत आहे. मूल एकटे खंबीर होत नाही. त्याला कोणीतरी सावरावे लागते. जातिसूत्रीय शारीरात बालकास भीती दाखवू नये, राक्षस-पिशाचांची नावे घेऊ नयेत, असे बजावले आहे. सुश्रुतांनीही बालकास धाकदपटशा करू नये व एकाएकी जागे करू नये, असे सांगितले आहे.

आधुनिक अभ्यासही याच दिशेने जातो. एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा अनेक दशके पाठपुरावा केला. अत्यंत प्रतिकूल स्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. अशा मुलांच्या आयुष्यात भरवशाची किमान एक वडीलधारी व्यक्ती होती, हे त्यातील महत्त्वाचे निरीक्षण होय.

एक रुग्णानुभव

घाटावरील एका गावातील अकरा वर्षांचा मुलगा आजोबांसोबत आला. रोज सकाळी शाळेच्या वेळी पोटात मुरडा व द्रवमलप्रवृत्ती. मी कुटज, बिल्व यांचे कल्प दिले. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. तीन वेळा मी केवळ औषध बदलले. घरात काय घडले, हे विचारले नाही. ही चूक माझीच. चौथ्या वेळी आजोबांनी हलक्या आवाजात सांगितले की, चार महिन्यांपूर्वी मुलाच्या वडिलांनी आत्महत्या केली होती.

मुलाला निवांत जवळ बसवले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "माह्यामुळे झालं ते. म्या वह्यांसाठी पैसे मांगले होते." चार महिने हे ओझे त्याने एकट्याने वाहिले होते. घरात पात्र-अपात्रतेची चौकशी, सावकार व कागदपत्रे यांची चर्चा होत होती. मुलाशी कोणी बोलले नव्हते. पाच वर्षांच्या बहिणीला तर बाबा परगावी गेले, असेच सांगितले होते. ती रोज एसटीच्या वेळेला दारात उभी राही.

पुढील भेटीत आईला बोलावले. आईनेच त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले की, वह्या मागणे हा गुन्हा नव्हता आणि बाबांचे जाणे त्याच्यामुळे झाले नाही. बहिणीलाही बाबा वारले, ते परत येणार नाहीत, हे मायेने सांगितले गेले. त्या दिवशी सर्वजण रडले. परंतु लपवाछपवी संपली.

चिकित्साक्रम

१. आश्वासन : मुलाचे ऐकावे, बोलण्याची सक्ती करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेचे सारही पाहा, ऐका, जोडून द्या असेच आहे. घडलेला प्रसंग पुनःपुन्हा वदवून घेऊ नये.

२. दिनचर्या : जेवण, झोप व शाळा यांच्या वेळा शक्य तितक्या लवकर पूर्ववत कराव्यात. वरील मुलास आजीजवळ झोपवले, रात्री आईने तिळतेलाने पादाभ्यंग केला. यात वातशमन होतेच, आणि आईचा स्पर्शही लाभतो.

३. झेपेल असे काम : पोळ्याला मामांसोबत त्याने बैल सजवले. मात्र "आता तूच घरचा कर्ता" असे कोणी म्हणू नये. मुलाला मूलच राहू द्यावे.

४. औषध : ब्राह्मी, शंखपुष्पी, मंडूकपर्णी यांची योजना वय, बल व अग्नी पाहून करावी. औषध साहाय्यक आहे, आश्वासनास पर्याय नाही.

सुमारे सहा आठवड्यांत मुलाचा अतिसार थांबला. वर्षश्राद्धाच्या सुमारास तो पुन्हा काही दिवस उद्भवला. हे चिकित्सेचे अपयश मानू नये. उभारी येणे म्हणजे विसरणे नव्हे.

औषधविक्रेत्यांसाठी

मुलासाठी झोपेचे किंवा बुद्धिवर्धक औषध मागितल्यास तक्रार कधीपासून आहे, घरात काही घडले आहे काय व मूल शाळेत जाते काय, एवढे एकांतात विचारावे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो; सुवर्णयुक्त व रसकल्प तर वैद्यांच्या सल्ल्याविना बालकांसाठी देऊ नयेत. अशा घरात कीटकनाशके कुलपाआड ठेवण्यास आवर्जून सांगावे.

संदर्भसेवा केव्हा

मूल मरणाची भाषा करीत असेल किंवा स्वतःस इजा करीत असेल, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, अबोलपणा ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. टेलिमानस १४४१६ व चाइल्डलाइन १०९८ हे क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी लावावेत. बालसंगोपन योजनेची माहितीही आईस द्यावी.

उपसंहार

काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात, न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या चेष्टांवरून कशी ओळखावी, हे सांगितले आहे. बोलू शकणारी मुलेही शोकात मुकी होतात. वारंवार पोट दुखणाऱ्या मुलाची नाडी पाहताना, "घरी सगळे ठीक आहे ना, बाळा?" एवढे विचारण्यास आपण चुकू नये, हीच वैद्यबंधू-भगिनींना विनंती.