मळलेली वाट

चि. मुक्ता,

परवा तुझ्या आईच्या बोलण्यात सहज आले की, कंबोडियात बाटांबांगला पोहोचल्यावर मुलखाची माहिती असलेला कोणी सोबत न घेता, भाड्याच्या दुचाकींवरून पैलिनच्या बाजूची शेते पाहावयाची आणि मनास येईल तेथे आडरानात शिरावयाचे, अशी तुझी व तुझ्या मैत्रिणींची मसलत ठरली आहे. ते ऐकल्यापासून माझ्या डोळ्यास डोळा नाही. तो मुलूख थायलंडच्या सीमेलगतचा. यादवीच्या काळात सर्वच पक्षांनी तेथे भूसुरुंग पेरले, आणि सुरुंग काढणारे सरकारी खाते 1992 पासून खपत असूनही ती जमीन अद्याप निर्धोक झालेली नाही. लाल फलकावर कवटी दिसली तर तू मागे फिरशील हे मी जाणतो; परंतु फलक नाही तेथे धोकाही नाही, अशी खातरजमा तुला कोणी दिली? मळलेली वाट सोडावयाची नाही, ही माझी सक्त ताकीद समज.

पाहण्याजोगे सारे रस्त्यालगतच आहे. सकाळी सांगकर नदीकाठच्या गावांत जा. तेथे उकळत्या आधणावर ताणलेल्या फडक्यावर तांदळाचे पातळ पीठ पसरून, वाफेवर शिजलेला तो पारदर्शक पापुद्रा अलगद उचलून बांबूच्या तट्ट्यावर वाळत घालतात. आपल्या फेण्यांचीच ती थोरली बहीण. चुलीत भाताचे तूस जळत असते. करणाऱ्या बाईंपाशी घटकाभर बैस, काही विकत घे, छायाचित्रापूर्वी अनुज्ञा माग. बांबूच्या नळीत नारळाच्या दुधासह भाजलेला चिकट भातही अवश्य खा. सायंकाळी सांपाव टेकडीच्या गुहेतून लक्षावधी वटवाघळे बाहेर पडतात; भातावरील किडी खाऊन ती शेतकऱ्याचे मोठेच काम करतात. त्याच टेकडीवर 1975 ते 1979 या ख्मेर रूजच्या राजवटीत ज्यांचा वध झाला त्यांच्या अस्थी आहेत, तेथे मौन पाळ. आणि पायऱ्या सोडून झुडपांत जाऊ नकोस, हे पुन्हा सांगतो.

रागावलो असे मानू नकोस, पोरी. 1986 ते 1993 या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याने आंकोर वाटच्या जतनाचे काम केले, तेव्हा त्या तुकडीत जाण्याचा योग मला आला होता. परंतु सुरुंगांच्या धास्तीने तुझ्या आजीने अन्न टाकले आणि मी नाव मागे घेतले. तिचे मन राखले याचा खेद नाही. पण ताडांच्या रांगांमधली ती भातखाचरे मी आजतागायत नकाशातच शोधीत आलो, ही हळहळ मात्र गेली नाही. म्हणूनच जाऊ नकोस असे माझ्या लेखणीतून उतरावयाचे नाही. तू जा, आणि माझ्या वाटचेही पाहा.

स्थानिक रिक्षावाल्याच्या दिवसभराच्या मोबदल्याची रक्कम तुझ्या आईपाशी ठेवली आहे. घासाघीस करू नकोस, आणि तो थांब म्हणाला की थांब. टोपी विसरू नकोस. रात्री मुक्कामी पोहोचताच दोन शब्द कळव. तुमचे घड्याळ आमच्याहून दीड तास पुढे असते, तेव्हा मामाची झोपमोड होईल असा विचार मनात आणू नकोस.

तुझा,
मामा