होडीतला ओटा

वाचनपाठ : मध्यम पातळी
वाचण्याआधी : तुमच्या घरातला ओटा कशाचा आहे? त्यावर आत्ता काय काय ठेवलंय?

बेडोकच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की नांगर टाकून थांबलेली मोठी जहाजं दिसतात. कधी एखादी शिडाची होडीही दिसते. अशा होडीत छोटंसं स्वयंपाकघर असतं : शेगडी, सिंक आणि जेमतेम हातभर ओटा. होडी जुनी झाली की हा ओटा खराब होतो. समजा, तो तुम्हालाच बदलायचाय.

आजीच्या घरचा ओटा कडाप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा असेल. होडीत दगड नको. २ सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एका चौरस मीटरला सुमारे ५४ किलो भरतो. १२ मिलिमीटरचं प्लायवूड तेवढ्याच जागेत ७-८ किलो. म्हणून जुन्या होड्यांत बहुधा प्लायवूडवर सनमायका लावलेला असतो.

वरून सनमायका चकचकीत दिसतो, पण सिंकच्या कडेने पाणी आत झिरपतं आणि खालचं लाकूड कुजतं. बोटाने ठोकून बघा. बद्द आवाज आला की तिथलं लाकूड गेलं असं समजा. बरेच जण जुन्यावरच नवा सनमायका चिकटवतात. पैसे पाण्यात! पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय नवं काही लावू नका.

ओटा काढण्याआधी शेगडी काढावी लागते, आणि इथे खरा धोका आहे. बेडोकच्या बऱ्याच घरांत पाइपने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असतो. होडीतल्या सिलिंडरचा गॅस मात्र हवेपेक्षा जड. तो गळला तर होडीच्या तळाशी साचतो, आणि मग एक ठिणगीही पुरते. म्हणून सिलिंडर बंद केल्याशिवाय शेगडीला हात लावायचा नाही. गॅसची नळी परत जोडायचं काम जाणकार माणसालाच सांगा.

जुना ओटा फेकू नका. तो नव्या प्लायवूडवर ठेवून पेन्सिलने आखा. होडीच्या भिंती कधीच सरळ नसतात, त्यामुळे मापांपेक्षा हा साचा बरा. पण होडीत उतरायची वाटही मोजा! ओटा तिथून आत गेला नाही तर काय करणार? (आणि प्लायवूड फ्लॅटमध्ये कापत बसू नका, शेजारी दार वाजवतील.)

कापलेल्या प्रत्येक कडेला, सिंकच्या भोकालाही, इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. हातमोजे घाला. सिंगापूरच्या उकाड्यात इपॉक्सी भराभर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' अशाच युक्तीची आहे : आत लाकूड, बाहेर फायबरग्लास आणि इपॉक्सी. याच होडीतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

शेवटी काठ लावा, तीन-चार सेंटिमीटर उंच. वाऱ्यावर होडी कलते. काठ नसेल तर गरम आमटीचं पातेलं सरळ तुमच्या पायावर येईल. कोपऱ्यात मात्र फट ठेवा, नाहीतर ओटा पुसताना कचरा बाहेर निघत नाही.

शब्द
झिरपणे : हळूहळू आत शिरणे (पाणी)
बद्द : पोकळ, न घुमणारा (आवाज)
कलणे : एका बाजूला झुकणे
पैसे पाण्यात जाणे : पैसे वाया जाणे

तुम्ही सांगा
१. होडीत गॅस गळणं घरापेक्षा जास्त धोक्याचं का?
२. पाठात '-ल्याशिवाय' दोनदा आलंय. ती वाक्यं शोधा. मग स्वतःच्या स्वयंपाकघराबद्दल तसंच एक वाक्य बनवा.
३. घरी आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी स्वयंपाक ओट्यावर उभं राहून करायचे की खाली बसून?